पागेतून कपाटात: चामडी हँडबॅग आणि तिच्या निगेचा इतिहास

नामांकित कंपनीची जुनी, कुणीतरी वापरून विकलेली हँडबॅग घ्यायची आणि घरच्या घरी स्वच्छ करून पुन्हा वापरात आणायची, ही रीत युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये आता चांगलीच रुळली आहे. त्यासाठी लागणारे साहित्य साधे असते: मऊ सुती फडके, सौम्य साबण, थोडे तेल किंवा मलम, मेण आणि सुईदोरा. यातली एकही वस्तू हँडबॅगेसाठी म्हणून निघालेली नाही. साबण आणि तेल घोड्याच्या खोगिरासाठी होते, तर मेण खोगीर शिवण्याच्या दोऱ्यासाठी. हँडबॅग खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिरांच्या हातून घडली आणि तिची निगा कशी राखायची हेही पागेतूनच घरात आले. मात्र मधल्या सव्वाशे वर्षांत चामडे कमावण्याची पद्धत बदलली, त्यावरचे लेप बदलले आणि पागेतले उपाय सरसकट सगळ्या बॅगांना लागू पडेनासे झाले. म्हणून जुनी बॅग साफ करायला घेण्याआधी ती कोणत्या काळातली आणि कोणत्या चामड्याची, हे ठरवावे लागते.

कापडी बटव्यापासून चामडी बॅगेपर्यंत

अठराव्या शतकात युरोपातील स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला नाडीने सुटे खिसे बांधत. झग्याच्या बाजूला ठेवलेल्या फटीतून हात घालून किल्ल्या, नाणी किंवा सुईदोरा काढता येई. १७९० नंतर पोशाख पालटला. उंच कमरेचे, पातळ मलमलीचे, अंगासरशी उतरणारे झगे आले आणि आत बांधलेला खिसा बाहेरून दिसू लागला. तेव्हा खिसा झग्याबाहेर आला आणि हातात धरायचा छोटा बटवा झाला. याला रेटिक्यूल म्हणत. तो रेशमाचा, मखमलीचा किंवा मणीकामाचा असे, चामड्याचा क्वचितच.

चामड्याला मागणी आणली ती रेल्वेने. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत लांबचा प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. धूर, पाऊस आणि हमालांची आदळआपट सोसणारे सामान हवे होते. चामडी पेट्या, पोलादी चौकटीच्या हातपिशव्या, कुलूप आणि बक्कल लावलेल्या प्रवासी बॅगा तयार होऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचीच लहान आवृत्ती स्त्रियांच्या हातात दिसू लागली. ती करणारे कारागीर बहुतेक ठिकाणी तेच होते, जे आजवर घोड्याचा साज आणि प्रवासाच्या पेट्या करत आले होते.

साज आणि पेट्या करणाऱ्यांच्या पेढ्या

थिएरी हर्मेस यांनी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्याचा साज करण्याचा कारखाना काढला. १८८० मध्ये पेढी फोबूर्ग सेंतोनोरे रस्त्यावरील २४ क्रमांकाच्या इमारतीत गेली आणि तिथे खोगिरेही होऊ लागली. १९०० च्या सुमारास तिने एक उंच, वरून पट्ट्यांनी बंद होणारी पिशवी केली. घोडेस्वाराने त्यात खोगीर आणि बूट न्यावेत अशी कल्पना होती. पुढे मोटारी आल्या, घोडे रस्त्यावरून हटले आणि पेढीला नवे काम शोधावे लागले. एमिल-मॉरिस हर्मेस यांनी उत्तर अमेरिकेत पाहिलेली झिप फ्रान्समध्ये आणली आणि १९२३ मध्ये झिप लावलेली हँडबॅग बाजारात आली. १९३० च्या दशकातल्या एका चौकोनी बॅगेला १९५६ मधील अभिनेत्री ग्रेस केली यांच्या छायाचित्रामुळे प्रसिद्धी मिळाली, आणि १९७७ मध्ये पेढीने तिला अधिकृतपणे केली हे नाव दिले. अभिनेत्री जेन बर्किन यांच्या नावाची बॅग १९८४ ची.

या बॅगांची शिवण खोगिराचीच राहिली. मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या, आरीने तिरके भोक पाडायचे आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या, अशी ती पद्धत. प्रत्येक टाक्यात दोऱ्याचे दोन पदर एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. शिलाई यंत्राच्या टीपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो. तिथे एक टाका गेला की ओळ सुटत जाते. जुनी हातशिवणीची बॅग घरी दुरुस्त करता येते ती याचमुळे. तुटलेल्या टाक्यांच्या जुन्याच भोकांतून दोन सुयांनी नवा मेणाळलेला दोरा फिरवला की काम भागते. नवी भोके पाडली तर चामडे तिथे फाटते.

लुई व्हितों यांची पॅरिसमधील पेढी १८५४ ची. त्यांचा मान मुख्यतः पेट्यांमुळे. गोल झाकणाच्या पेट्या एकावर एक रचता येत नसत, म्हणून त्यांनी सपाट झाकणाची आणि कापडाने मढवलेली हलकी पेटी आणली. १८९६ मध्ये त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी अक्षरे आणि फुले असलेले मोनोग्राम कापड काढले. १९५९ मध्ये या कापडावर प्लास्टिकचा लवचिक लेप देण्याचे तंत्र बसले आणि ते मऊ बॅगांसाठी वापरता येऊ लागले. म्हणजे या पेढीच्या बहुतेक ओळखीच्या बॅगांचा मुख्य भाग चामड्याचा नसून लेप दिलेल्या कापडाचा असतो. चामड्याच्या असतात त्या मुठी, पट्टे आणि कडा. सफाईत हा फरक मोठा ठरतो.

गुच्चिओ गुच्ची यांनी १९२१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये दुकान थाटले. १९३५ मध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले, चामड्याची टंचाई झाली आणि पेढीने नेपल्सकडील हेम्पचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूंचे, जाड कापड वापरायला घेतले. युद्धानंतरच्या टंचाईत, १९४७ मध्ये, बांबू तापवून वाकवायचा आणि त्याची मूठ करायची ही युक्ती निघाली. गॅब्रिएल शनेल यांची रजईसारखी शिवलेली, साखळीच्या पट्ट्याची बॅग फेब्रुवारी १९५५ मधली. ती कोकराच्या मऊ चामड्याची होती आणि तिची रजईशिवण मोतद्दारांच्या जाकिटांवरून सुचल्याचे सांगितले जाते. खोगिराचे जाड गुरांचे चामडे आणि हे कोकराचे चामडे यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही.

सालीचे चामडे आणि क्रोमचे चामडे

कातडे कुजू नये म्हणून त्यातील तंतूंना पक्के करणे म्हणजे ते कमावणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यासाठी मुख्यतः झाडांच्या साली, पाने आणि फळे वापरत. इंग्लंडात ओकची साल, सिसिलीत सुमाकची पाने आणि हिंदुस्थानात बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. खड्ड्यांतल्या सालीच्या पाण्यात कातडी महिनोन् महिने मुरत. असे चामडे ताठ, फिकट तपकिरी आणि पाणी शोषणारे असते. ऊन, हाताचे तेल आणि वापर यांनी ते गडद होत जाते.

या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. हिरड्याच्या फळात वजनाच्या जवळपास एक तृतीयांश टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे द्रव्य, असते, आणि एकोणिसाव्या शतकात तो मुंबई इलाख्यातून व इतर भागांतून युरोपातील टॅनरींकडे जहाजांनी जाई. युरोपच्या बाजारात त्याच्या प्रती जागेच्या नावाने ओळखल्या जात. जबलपुरी, आंध्र किनाऱ्यावरील भीमुनिपट्टणमची आणि त्यांच्या बरोबरीने वेंगुर्ल्याची, अशी ही नावे त्या काळच्या टॅनिंगच्या पाठ्यपुस्तकांत सापडतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. नवी कोल्हापुरी ताठ असते, तिला तेल पाजावे लागते आणि पावसात ती भिजू द्यायची नसते. व्हितोंच्या बॅगेच्या न रंगवलेल्या मुठीलाही हेच लागू आहे. ती नवी असताना फिकट असते, वर्षे गेली की मधाच्या रंगाची होते, आणि पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याचा डाग राहतो.

१८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले. १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती कृती सोपी केली. महिन्यांचे काम काही तासांवर, फार तर एक-दोन दिवसांवर आले. क्रोमचे चामडे मऊ, लवचिक आणि पाण्याला व उष्णतेला बरेच टिकणारे निघाले. सालीचे ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आक्रसून कडक होते. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्याच्या जवळपासची उष्णता सोसते. जुने, झिजलेले चामडे मात्र याहून फार कमी तापमानाला दगा देते. म्हणूनच भिजलेली बॅग कधी हीटरजवळ, इस्त्रीने किंवा उन्हात वाळवायची नसते. विसाव्या शतकात हँडबॅगांचे बहुतेक चामडे क्रोमचे झाले. सालीचे चामडे मुठी, पट्टे आणि खोगीरवजा बॅगांपुरते उरले.

लाल भुकटीचा रोग

सालीने कमावलेले सगळे चामडे सारखे टिकत नाही, हे ग्रंथालयांमुळे कळले. १८५० नंतर बांधलेल्या पुस्तकांच्या चामडी पाठी तीस-चाळीस वर्षांत लालसर भुकटी होऊन हाताला लागू लागल्या, तर त्याआधीच्या पुस्तकांच्या पाठी ठीक होत्या. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० मध्ये यासाठी एक समिती नेमली. तिने दोन कारणे पुढे आणली. एक म्हणजे गॅसच्या दिव्यांच्या आणि कोळशाच्या धुरातले गंधकाचे आम्ल. दुसरे म्हणजे कमावण्याचे द्रव्य. सुमाकने कमावलेले चामडे आम्लाला बऱ्यापैकी तोंड देते. तरवडाच्या सालीने कमावून मद्रासकडून येणारी स्वस्त शेळ्या-मेंढ्यांची कातडी मात्र लवकर लाल होऊन झडतात. पुढच्या संशोधनातून दिसले की हिरडा आणि सुमाक यांतील टॅनिन एका जातीचे, तर तरवड, बाभूळ आणि दक्षिण अमेरिकेतील क्वेब्राचो यांतील दुसऱ्या जातीचे. दुसऱ्या जातीच्या टॅनिनवर आम्लाचा मारा लवकर चालतो.

जुन्या बॅगांमध्येही, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, हा रोग दिसतो. बोट फिरवले की लाल-तपकिरी पूड लागते. हा मळ नसून चामडेच झडत असते. तिथे पाणी लावले तर चामडे काळे पडून ताठरते. तेलानेही तुटलेले तंतू परत जुळत नाहीत. अशी बॅग घरी दुरुस्त होत नाही. मऊ कागदात ठेवून जपता मात्र येते.

पागेतली पेटी

घोड्याच्या साजाची निगा राखण्याची रीत लष्करात आणि श्रीमंतांच्या पागांमध्ये घट्ट बसलेली होती. रोजच्या घामाने, चिखलाने आणि पावसाने साज मळे. ओल्या स्पंजावर खोगिराचा साबण घेऊन तो पुसत. या साबणात चरबीचा साबण, मेण आणि ग्लिसरीन असे. तो मळ काढी आणि मागे मेणाचा पातळ थर ठेवी. कडक झालेल्या पट्ट्यांना गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल देत. हे तेल थंडीतही गोठत नाही, म्हणून युरोपच्या हिवाळ्यात ते सोयीचे होते. पितळी बक्कले वेगळी काढून घासत.

रोज भिजणाऱ्या जाड पट्ट्यांसाठी हे चांगले होते. बॅगेच्या पातळ चामड्याला ते जड जाते. साबण अल्कधर्मी असतो; कमावलेले चामडे मात्र आम्लधर्मी असते. साबण पुन्हा पुन्हा लावला तर रंग उतरतो आणि कमावणीचे द्रव्य सैल होते. तेलाचेही तसेच. चामड्यातल्या तंतूंमध्ये थोडी स्निग्धता हवी, पण जास्त झाली की ते काळवंडते, धूळ धरते आणि काही काळाने पृष्ठभागावर पांढरी साय येते. ही साय बुरशी समजून अनेकजण बॅग टाकून देतात. दोन्हींतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून दाखवली तर स्निग्धाची साय वितळून नाहीशी होते. बुरशी तशीच राहते आणि तिला वासही येतो.

संग्रहालयांचा प्रवासही असाच झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश म्युझियमने लॅनोलिन, मेण आणि देवदारासारख्या झाडाचे तेल यांचे एक मलम तयार केले, आणि अनेक ग्रंथालये वर्षानुवर्षे पुस्तकांच्या पाठींना ते चोळत राहिली. शतकाच्या अखेरीस जतनतज्ज्ञांनी ही सवय सोडली. मलमाने चामड्याचे आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळत नव्हता. चिकटपणा आणि काळे डाग मात्र डोळ्यांसमोर होते. आता संग्रहालयात मऊ ब्रशने धूळ काढणे आणि हवेतली आर्द्रता सांभाळणे यावरच भर असतो. घरी बॅग वापरायची असते, म्हणून थोडे मलम लागते. पण ते बोटाच्या टोकावर येईल एवढेच, आणि वर्षातून एकदोनदाच.

लेपाचा काळ

विसाव्या शतकात रंगाचे तंत्रही बदलले. पूर्वी रंग चामड्यात मुरवत. अशा चामड्याचे रंध्र उघडे असते, ते पाणी आणि तेल दोन्ही पिते, त्यावर ओरखडा लगेच उमटतो आणि बोटाने चोळला की पुष्कळदा मिटतो. नंतर आधी नायट्रोसेल्युलोज आणि पुढे ॲक्रिलिक व पॉलियुरेथेनचे रंगीत लेप आले. लेप दिलेले चामडे एकसारखे दिसते, डाग धरत नाही आणि ओलसर फडक्याने पुसता येते. पण त्यात तेल शिरत नाही. त्यावर चोळलेले तेल वरच राहून चिकट होते.

ही ओळख घरी करता येते. बॅगेच्या तळाशी किंवा पट्ट्याच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मुरून जागा गडद झाली तर चामडे उघडे आहे. तसाच गोल राहिला तर वर लेप आहे. उघड्या चामड्याला पाणी लागले तर एका ठिपक्यापुरते न पुसता पूर्ण पट्टी हलकेच ओलसर करावी, म्हणजे डागाची कड उमटत नाही. लेपाच्या चामड्याला सौम्य साबणाचे पाणी आणि लगेच कोरडे फडके पुरते. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रव्य, व्हिनेगर आणि घासणारा मेलामाइनचा पांढरा स्पंज हे सगळे लेपच उतरवतात. शाईचा डाग जाताना दिसतो तेव्हा पुष्कळदा रंगही जात असतो. तेलकट डागावर सर्वांत जुना आणि निर्धोक उपाय मुलतानी मातीचा आहे. तिची कोरडी पूड रात्रभर डागावर ठेवायची आणि सकाळी ब्रशने झटकायची.

लेपाच्या कापडाला वेगळेच दुखणे होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील अनेक बॅगांच्या खिशांना आणि अस्तरांना पॉलियुरेथेनचा लेप होता. हवेतल्या बाष्पाने हा लेप हळूहळू तुटतो आणि गुळासारखा चिकट होतो. मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेत हे लवकर घडते. चिकट अस्तराला औषध नाही. ते काढून नवे घालावे लागते, आणि ते काम बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

न्यू यॉर्कची हातमोजी चामड्याची बॅग

घरच्या सफाईची चळवळ ज्या बॅगांभोवती उभी राहिली त्या पॅरिसच्या नव्हेत. १९४१ मध्ये मॅनहॅटनमध्ये पुरुषांची पाकिटे करणारा एक छोटा कारखाना सुरू झाला. १९४६ मध्ये माइल्स आणि लिलियन कान हे दांपत्य तिथे आले आणि १९६१ मध्ये त्यांनी तो विकत घेतला. तोच पुढे कोच झाला. बेसबॉलचा हातमोजा वापरून वापरून मऊ आणि तुकतुकीत होतो हे माइल्स कान यांनी हेरले, आणि तसे चामडे बॅगेसाठी कमावून घेतले. स्त्रियांच्या बॅगा कराव्यात ही सूचना लिलियन यांची. लहानपणी आईच्या हातच्या शेवया कागदी पिशवीतून घरोघर पोहोचवलेल्या या बाईंनी त्या साध्या पिशवीचा आकार चामड्यात आणला. १९६२ मध्ये बॉनी कॅशिन या पोशाखकार कंपनीत आल्या. मोटारीच्या कापडी छताला असते तशी फिरवायची पितळी कडी त्यांनी बॅगेला लावली आणि ती कंपनीची खूण झाली.

या जुन्या बॅगांची रचना घरगुती कामाला फार सोयीची आहे. चामडे जाड, रंग आरपार मुरलेला, वर जाड लेप नाही, आत बहुधा अस्तरच नाही, चामड्याची मागची खरबरीत बाजू तशीच ठेवलेली, पुठ्ठा नाही, कड्या भरीव पितळेच्या. त्यामुळे नेहमीचा नियम मोडून अशी बॅग चक्क पाण्यात बुडवून धुण्याची रीत पडली. कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण अगदी थोडा घालायचा, बॅग सगळीकडून एकसारखी भिजवायची, हातानेच किंवा मऊ ब्रशने मळ काढायचा आणि पाणी निवळ येईपर्यंत खंगाळायची. पाण्याला रंग सुटतो, लाल आणि निळ्या बॅगांचा अधिक. बॅग पिळायची नसते. तिच्यात टॉवेल आणि पांढरा कागद भरून आकार द्यायचा, छपाईचा कागद वापरायचा नाही, आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर काही दिवस वाळवायची. ओली असताना चामडे काळे दिसते, वाळताना पत्र्यासारखे ताठरते. त्यानंतर मलम हाताच्या उबेने पातळ करून चोळायचे आणि बॅग हातांत मळून मऊ करायची. जतनतज्ज्ञ या पद्धतीला मान्यता देत नाहीत, आणि पॅरिसच्या कोकराच्या बॅगेवर ती वापरली तर बॅग वाया जाते. अस्तर, पुठ्ठा किंवा गोंदाने चिकटवलेले थर असलेल्या कोणत्याही बॅगेला ती चालत नाही.

१९८५ मध्ये कान दांपत्याने कंपनी विकली. २००० नंतर कापडी, अक्षरांच्या नक्षीच्या बॅगांवर भर आला. त्यामुळे कोच हे नाव दिसले म्हणजे बॅग पाण्यात घालता येते असे नाही. बॅग कोणत्या काळातली आहे हे पाहावे लागते. १९७० च्या दशकापासून आत शिवलेल्या चामडी पट्टीवर क्रमांक छापलेला असतो. व्हितोंच्या बॅगांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२१ पर्यंत तारखेचा संकेत असे. नंतर त्याची जागा चिपने घेतली. हर्मेसचे कारागीर १९४५ पासून वर्षाचे अक्षर ठसवत आले. हा ठसा शोधणे हे सफाईतले पहिले काम.

कड्या आणि बुरशी

पितळी कडीच्या बुडाशी, जिथे ती चामड्याला टेकते, तिथे हिरवी मेणचट साय साचते. चामड्यातल्या तेलाची आम्ले पितळेतल्या तांब्याशी संयोग पावून ती तयार होते. म्हणजे जास्त तेल पाजलेल्या बॅगेवर ती अधिक असते. लाकडी काडीने खरवडून आणि कोरड्या कापसाने पुसून ती निघते. चिंच, लिंबू किंवा पितळ उजळायची पावडर भांड्यांना ठीक. कडीवरून ओघळून ती चामड्यावर गेली तर डाग पडतो. मुलामा दिलेली कडी घासली की मुलामाच निघतो. लोखंडी खिळा किंवा पिन सालीच्या चामड्याला ओलाव्यात टेकली तर निळसर काळा डाग पडतो. हिराकस आणि हिरडा यांपासून काळी शाई होते त्याच क्रियेने तो पडतो, म्हणून तो सहसा निघत नाही.

हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर पावसाळाभर आर्द्रता त्याहून वर असते. बंद कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली बॅग जून ते सप्टेंबरमध्ये हमखास पांढरी होते. बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशने झटकावी, मग बॅग वाऱ्यावर ठेवावी. साठवण सुती पिशवीत, आत कागद भरून आणि पट्टा न लोंबवता करावी. डांबराच्या गोळ्या चामड्याला टेकू देऊ नयेत.

जुन्या बॅगेची किंमत

१९८० च्या दशकात जपानमध्ये पॅरिस-मिलानच्या बॅगांना प्रचंड मागणी होती. १९९० नंतर तेथील तेजी कोसळली आणि त्या बॅगा विक्रीला आल्या. नागोयामध्ये १९४७ मध्ये जुन्या कपड्यांपासून सुरुवात केलेल्या कोमेह्योसारख्या दुकानांनी त्यांची पारख, सफाई आणि प्रतवारी यांचा रीतसर व्यवसाय उभा केला. पॅरिसमध्ये २००९ मध्ये व्हेस्तिएर कलेक्टिव्ह आणि अमेरिकेत २०११ मध्ये द रिअलरिअल यांनी हा बाजार संगणकावर आणला. २०२१ मध्ये कोचनेच आपल्या जुन्या बॅगा परत घेऊन, दुरुस्त करून विकण्याची योजना सुरू केली.

या बाजाराने एक धडा शिकवला. रंग चढवलेल्या बॅगेपेक्षा खरी झीज दिसणाऱ्या बॅगेला पारखी अधिक मोल देतात, कारण नव्या रंगाखाली ठसे, चामड्याचे पोत आणि कडांचे काम झाकले जाते आणि अस्सलपणा ओळखणे कठीण होते. १० जुलै २०२५ रोजी सदबीजच्या पॅरिस येथील लिलावात जेन बर्किन यांची मूळ बॅग सुमारे ८६ लाख युरोंना गेली. ती काळी बॅग त्यांनी वर्षानुवर्षे रोज वापरलेली होती. तिच्यावर ओरखडे होते आणि त्यांनी चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणाही तशाच होत्या. विकण्यापूर्वी त्या कुणी पुसल्या नाहीत.

घरी काम करणाऱ्याने म्हणूनच तीन गोष्टींवर थांबावे: मळ काढणे, तुटलेले टाके जुन्या भोकांतून शिवणे आणि कोरड्या चामड्याला थोडी स्निग्धता देणे. रंग, नवे अस्तर, लाल भुकटीचा रोग आणि कोकराचे चामडे ही कामे जाणत्या कारागिराची आहेत. कोणताही उपाय आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी करून, एक दिवस थांबून पाहावा. जिथे शंका असेल तिथे बॅगेला हात न लावणे हाच शहाणपणा.